उंदीर मारले, तरी महिन्याभरात परत येतात: नेमकं कुठं चुकतंय?

लक्षण साधारण असं असतं. रात्री अकराच्या पुढं कडीपाटात धावाधाव सुरू होते. सकाळी तांदळाच्या पोत्याला तळाशी भोक, ओट्यावर काळ्या लेंड्या, गॅसमागं कुरतडलेला साबण. मग पिंजरा लागतो, नाहीतर विषाची वडी येते. तीन-चार उंदीर मरतात, पंधरा दिवस घर शांत राहतं. महिना होतो न होतो तोच परत खुडबुड. वर्षात तीन-चार वेळा हेच.

सांगलीच्या गावभागात आमचं किराणा दुकान आहे, वर घर. दगडी जोतं, मातीच्या भिंती, लाकडी कडीपाट, मागं सामायिक बोळ. उंदराला याहून चांगलं घर मिळणार नाही. कित्येक वर्षं मीही वर लिहिलंय तेच करत होतो. एकदा विष खाल्लेला उंदीर कडीपाटाच्या पोकळीत जाऊन मेला. दहा दिवस घरात वास. आईला घास उतरेना. शेवटी सुताराला बोलावून फळ्या काढल्या तेव्हा सुटका झाली. आणि इतकं होऊनही पुढच्या महिन्यात उंदीर होतेच. त्यानंतर मी मारायचं थांबवलं नाही, पण कामाचा क्रम पूर्ण उलटा केला. त्यातनं जे समजलं ते लिहितो, कारण आमच्या बोळातल्या निम्म्या घरांचा पैसा आणि जीव अजून चुकीच्या टोकाला खर्च होतोय.

आधी हिशेब बघा. उंदराची मादी साधारण तीन आठवडे गाभण राहते, एका विताला सहा-आठ पिल्लं देते आणि ती पिल्लं दोन-तीन महिन्यांत स्वतः व्यायला तयार होतात. घरात दहा असतील आणि तुम्ही सात मारले, तर उरलेल्या तिघांना दहा जणांचं खाणं आणि जागा मिळाली. शिवाय बोळातला उंदीर मोकळ्या झालेल्या जागेत सरकतो. म्हणजे मारल्यानं संख्या घटली, पण घर पोसू शकतं ती संख्या तेवढीच राहिली. ती कमी करायची तर खाणं आणि वाट या दोनच गोष्टींना हात घालावा लागतो.

आहे कोण, ते आधी ओळखा

आपण सरसकट "उंदीर" म्हणतो, पण सांगलीत घराभोवती चार वेगळे पाहुणे असतात आणि प्रत्येकाचा इलाज वेगळा.

घरातला लहानसा उंदीर, बोटाएवढा. त्याची लेंडी तांदळाच्या दाण्याएवढी, टोकदार. हा कपाटात, भांड्यांच्या मांडणीत, फ्रिजच्या मोटरपाशी राहतो. पाण्याशिवाय बरेच दिवस काढतो, धान्यातला ओलावा त्याला पुरतो. दुसरा मोठा काळा उंदीर, अंगापेक्षा शेपूट लांब. हा चढणारा. केबलवरून, पाइपवरून, झाडाच्या फांदीवरून माळ्यावर येतो. कडीपाटातली धावाधाव बहुतेक वेळा याचीच. लेंडी अर्धा इंच. तिसरी घूस. ती चढत नाही, उकरते. गटाराच्या कडेला, जोत्याखाली, फरशीच्या खाली बीळ आणि बिळाच्या तोंडाशी ताज्या मातीचा ढीग. घुशीसाठी माळ्यावर पिंजरा लावून बसाल तर जन्मभर बसाल.

चौथी चिचुंद्री. लांब नाक, उग्र वास, भिंतीकडेनं चीं चीं करत पळते. ती उंदीर नाहीच. ती झुरळं आणि किडे खाते. तिला विष घालू नका. मोरीची जाळी नीट बसवली की ती आपोआप बाहेर राहते.

वाट शोधायला मी रांगोळी वापरतो. झोपण्यापूर्वी संशय असेल तिथं, भिंतीच्या कडेला, शटरखाली, मोरीपाशी, पातळ थर पसरायचा. सकाळी पावलं आणि शेपटीची रेघ स्पष्ट दिसते. रांगोळी उघड्या अन्नाजवळ मात्र नको. भोक वापरातलं आहे का, हे बघायला वर्तमानपत्राचा बोळा त्यात कोंबून ठेवा. दोन-तीन रात्रींत तो ढकललेला दिसला तर वाट चालू आहे, जसाच्या तसा राहिला तर ती जुनी. भिंतीला गुडघ्याखाली तेलकट काळा पट्टा दिसत असेल तर तो त्यांचा रोजचा रस्ता. उंदीर उघड्यावरून जात नाही, अंग भिंतीला घासत जातो, त्याचाच तो डाग.

आम्हाला पहिल्यांदा हे तीन रात्री केल्यावर कळलं की आम्ही ज्या माळ्यावर वर्षानुवर्षं विष ठेवत होतो, तिथं उंदीर फक्त राहत होते. खायला ते खाली दुकानात, शेंगदाण्याच्या पोत्यांपाशी येत होते, आणि बाहेरून आत येत होते ते मीटरच्या पेटीमागच्या भोकातून. इलेक्ट्रिशियननं केबल घेताना भिंत फोडली आणि तशीच सोडली, त्याला किती वर्षं झाली कुणास ठाऊक.

भोकं बुजवणं: सगळ्यात जास्त वेळ इथं द्या

मोजमाप लक्षात ठेवा. शिसपेन्सिल ज्या फटीतून जाते, त्यातून लहान उंदीर जातो. अंगठा जाईल त्यातून मोठा. डोकं गेलं की बाकीचं अंग ओढून घेता येतं त्याला. त्यामुळं "एवढ्याशा फटीतून काय येणार" हे वाक्य घरातनं काढून टाका.

बघायच्या जागा: पाण्याचा आणि ड्रेनेजचा पाइप भिंतीत शिरतो तिथं, एसीची नळी, केबल, मीटरची पेटी, कौलं आणि भिंत यांच्यामधली फट, पत्र्याच्या नालीची उघडी तोंडं, एक्झॉस्ट पंख्याचं भोक, जिन्याखालची जागा, शटरची दोन्ही टोकं आणि दाराखालची फट. शेवटच्या दोन जागा लोक विसरतात. दाराला खालून पत्र्याची पट्टी मारा, जमिनीपासून अंतर पाव इंचापेक्षा कमी राहील अशी. नुसती रबरी पट्टी एका रात्रीत कुरतडतात. त्यांचे पुढचे दात आयुष्यभर वाढत असतात, ते झिजवायला त्यांना काहीतरी कुरतडावंच लागतं.

कशानं बुजवायचं हेही महत्त्वाचं. चिंध्या, थर्मोकोल, फोम, नुसती माती, यातलं काही टिकत नाही. भांडी घासायची तारेची घासणी भोकात घट्ट कोंबा आणि वरून सिमेंट लावा. मोठं भोक असेल तर विटेचे तुकडे, खडी आणि सिमेंट. हवा यायला हवी तिथं पाव इंची भोकांची जाड लोखंडी जाळी. मच्छरदाणीची जाळी उंदराला कागदासारखी. वाड्याच्या मातीच्या भिंतीत नुसतं तोंड बुजवलं तर तो शेजारी उकरतो, म्हणून जोत्यालगत आम्ही फूटभर उंचीचा सिमेंटचा पट्टाच मारून घेतला. दोन दिवसांची गवंड्याची मजुरी गेली. त्याआधी दर वर्षी जेवढं धान्य टाकून देत होतो, त्यापुढं ती काहीच नव्हती.

एक चूक टाळा. सगळी भोकं एका दिवसात बुजवलीत आणि उंदीर आत असले, तर ते आत मरतात किंवा दार कुरतडतात. आधी बाहेरची भोकं बुजवा, एक मुख्य वाट मोकळी ठेवा, आत पिंजरे लावा. रांगोळीवर सलग चार-पाच दिवस पावलं दिसली नाहीत की ती वाटही बंद करा.

झाडाची फांदी छपरापासून किमान तीन-चार फूट लांब ठेवा. आमच्या मागच्या पेरूच्या फांदीवरून काळे उंदीर सरळ कौलांवर उतरत होते. फांदी तोडताना आईला वाईट वाटलं, मलाही वाटलं, पण माळ्यावरची धावाधाव त्या आठवड्यात निम्म्यावर आली.

खाणं बंद

एका मोठ्या उंदराला दिवसाला १५ ते ३० ग्रॅम खाणं पुरतं. म्हणजे ओट्यावर राहिलेली अर्धी भाकरी, कुत्र्याच्या ताटलीतलं उरलेलं आणि देवापुढचं खोबरं एवढ्यावर एक कुटुंब जगतं. रात्री भांडी घासूनच झोपा, निदान पाण्यात बुडवून ठेवा. धान्य पत्र्याच्या डब्यात किंवा कोठीत. प्लॅस्टिकची बरणी त्याला अडवत नाही. ओला कचरा रात्री घरात उघडा नको. देवाचा नैवेद्य आणि तेलाची वात रात्री झाकून ठेवा. तेलाची वात पळवताना आग लागू शकते, म्हणून जळती समई ठेवून झोपू नका. गाडी रोज एकाच जागी उभी असेल तर बॉनेट उघडून बघा. इंजिनाच्या उबेला येऊन वायरी कुरतडतात आणि गॅरेजचं बिल मोठं येतं.

पिंजरा लावायची रीत

मोठा उंदीर नव्या वस्तूला भितो. त्याच्या रस्त्यात काही नवीन दिसलं की दोन-चार दिवस तो लांबून जातो. आपण पहिल्याच रात्री पिंजरा लावून उंदीर सापडला नाही म्हणून उचलतो, तिथं खेळ बिघडतो. पिंजरा किंवा खटका सापळा आधी तीन रात्री चाप न लावता, खाणं घालून ठेवा. खाणं जायला लागलं की चौथ्या रात्री चाप लावा. एकाच रात्री सहा-आठ सापळे लावा, एक-एक नको. खटका भिंतीला काटकोनात, खाण्याची बाजू भिंतीकडं.

आमिष म्हणून भाकरीला तेल आणि शेंगदाण्याचा कूट लावा. आमच्याकडं भडंगातला शेंगदाणा सगळ्यात जास्त चालला. बेदाण्याच्या गोदामात बेदाणा लावून उपयोग नाही. जिथं पोत्यांनी माल आहे तिथं तोच माल आमिष म्हणून त्याला का आवडावा? तिथं सुकं खोबरं किंवा सुक्या मासळीचा तुकडा लावा.

पिंजऱ्यातला जिवंत उंदीर कृष्णेपलीकडं किंवा दुसऱ्याच्या बोळात सोडणारे खूप आहेत. दया म्हणून करतात, हे मी समजू शकतो. गणपतीचं वाहन आहे, मारायला हात धजत नाही. पण अनोळखी जागी सोडलेला उंदीर बहुतेक वेळा जगत नाही, जगला तर तो दुसऱ्याच्या घरात जातो. ज्यांना मारायचं नाही त्यांनी भोकं आणि खाणं यावरच जोर द्यावा. ते पूर्ण अहिंसक आहे आणि सगळ्यात जास्त परिणाम त्याचाच. मारायचंच असेल तर क्षणात मारणारा खटका लावा. चिकट गोंदाचा पुठ्ठा माझ्या घरात मी बंद केला. त्यावर उंदीर तासन् तास तडफडतो, पाल आणि चिमणीचं पिल्लूही चिकटतं.

आवाजाची मशिनं, डांबराच्या गोळ्या, पुदिन्याचा अर्क यावर पैसे घालवू नका. चार दिवस उंदीर बिचकतो, मग सवय होते. मांजर असणं चांगलं, पण पोट भरलेलं मांजर माळ्यावरच्या उंदरांचं काही बिघडवत नाही.

विष: शेवटी आणि फार जपून

बाजारात मुख्यत्वे दोन प्रकार. ब्रोमॅडिओलोनची वडी रक्त गोठू देत नाही, उंदीर काही दिवसांनी मरतो. त्याला वडीमुळं मरण आलं हे इतर उंदरांना कळत नाही, म्हणून ती चालते. यावर व्हिटॅमिन के हा उतारा डॉक्टरांकडं असतो. दुसरं झिंक फॉस्फाइड, काळी पावडर. पोटातल्या आम्लाशी मिळून विषारी वायू तयार होतो. त्याला उतारा नाही. कमी खाऊन वाचलेला उंदीर पुन्हा त्या खाण्याला तोंड लावत नाही. "विषाची सवय झाली" असं आपण म्हणतो ते बहुधा हेच असतं.

ट्यूबमधल्या पिवळ्या फॉस्फरसच्या पेस्टबद्दल कळकळीनं सांगतो, घरात आणूच नका. टूथपेस्टसारखी दिसते, भाकरीला लावून ठेवतात आणि मूल खातं. यकृत निकामी होतं, पहिल्या दिवशी लक्षणं सौम्य वाटतात आणि नेमका उतारा नाही. अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या, ज्या गोदामात धान्याला घालतात, त्या राहत्या घरात किंवा घराला लागून असलेल्या बंद खोलीत कधीही नकोत. त्यातनं निघणारा वायू दाराच्या फटीतून झोपलेल्या माणसापर्यंत पोचतो. गोदामात ते काम प्रशिक्षित, परवानाधारक माणसाचंच.

विष वापरायचंच तर कुलूपबंद बेट पेटीत (विषाचं आमिष ठेवायच्या पेटीत), बाहेरच्या बाजूला, अन्नापासून लांब. मेलेले उंदीर रोज शोधून खोल पुरा. विष खाल्लेला उंदीर घुबडानं, मांजरानं खाल्ला तर तेही मरू शकतं. गव्हाणी घुबड आणि धामण हे आपल्या शेताभोवतीचे सगळ्यात मोठे उंदीर पकडणारे आहेत. धामणीला बघून काठी उचलू नका. माणसानं विष खाल्लं तर मीठपाणी पाजून उलटी करवू नका. विषाचं पाकीट हातात घ्या, १०८ ला फोन लावा, दवाखाना गाठा.

दुकान आणि गोदामासाठी

घरात चालतं ते इथं पुरत नाही, कारण खाणं बंद करता येत नाही, तोच धंदा आहे. इथं उंदराला आडोसा मिळू द्यायचा नाही. पोत्यांची थप्पी भिंतीला टेकवू नका. दीड ते दोन फूट मोकळी वाट ठेवा, माणूस आडवा होऊन बघू शकेल एवढी. पोती थेट फरशीवर नको, लाकडी पॅलेटवर, आणि पॅलेटखाली झाडू फिरेल एवढी जागा. जुना माल आधी बाहेर काढा. कोपऱ्यात वर्षभर न हललेली थप्पी म्हणजे आतमध्ये पिल्लांचं घर.

मार्केट यार्डातल्या एका अडत दुकानात मी बसलो होतो तेव्हा हमाल मालकाला म्हणाला, "मालक, ह्या थप्पीमागं बगा की वो, माती उकरलीया. आमी कवाचं सांगतोय." मालक कॅमेऱ्यात बघत होते, हमाल रोज पाठीवर पोतं घेऊन तिथनं जात होता. गोदामातली पहिली खबर हमालांकडं आणि झाडूवाल्या मावशींकडं असते. त्यांना विचारा आणि त्यांनी सांगितलेलं त्याच दिवशी तपासा.

हळद, बेदाणा, खाद्यपदार्थ यांचा धंदा असेल तर अन्न सुरक्षा नियमांच्या शेड्यूल चारमध्ये कीड आणि उंदीर नियंत्रण बंधनकारक आहे. भोकं, गटाराच्या जाळ्या, साठवणूक सगळं त्यात येतं. सापळ्यांना नंबर घालून एका वहीत तारीख, जागा, सापडलं का, असं लिहीत जा. पेस्ट कंट्रोलवाल्याला वर्षाचं काम देत असाल तर त्याच्याकडून ही वही मागा. नुसता फवारा मारून सही घेणारा माणूस उंदरांसाठी उपयोगाचा नाही. उंदीर फवाऱ्यानं मरत नाही.

सांगलीत ते परत का येतात: पूर आणि ऊस

आपल्याकडं दोन ठरलेले मोसम आहेत. पहिला पाऊस आणि पूर. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा, ४५ ला धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ते ५७ फुटांच्या पुढं गेलं आणि गावभाग, बाजारपेठ पाण्यात होती. पाणी चढतं तेव्हा नदीकाठच्या आणि गटाराच्या बिळातले उंदीर आणि घुशी माणसासारख्याच वर चढतात. पाणी ओसरल्यावर ते जिथं सुकं आणि खाण्याचं मिळेल तिथं राहतात. कुजलेलं धान्य बाहेर काढून बोळात टाकलं की त्यांची मेजवानीच. म्हणून पुरानंतर पहिलं काम भिजलेला माल उचलून नेणं आणि गटाराची सरकलेली झाकणं बसवणं. पाण्यानं निघालेलं भोकांचं सिमेंट परत लावणं, हे दुसरं.

पुराच्या पाण्यात उंदराचं मूत्र मिसळलेलं असतं आणि त्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो. पायाला जखम असेल तर गमबूट घालूनच पाण्यात उतरा. त्यानंतर दोन-तीन आठवड्यांत ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल असं काही झालं तर डॉक्टरांना "पुराच्या पाण्यात होतो" हे आवर्जून सांगा. वेळेत औषध मिळालं तर बरा होणारा आजार आहे, न सांगितल्यानं उशीर होतो.

दुसरा मोसम ऊसतोडीचा. दिवाळीच्या आसपास तोड सुरू झाली की फडातले उंदीर जागा सोडतात. गावाच्या कडेला, जिथं प्लॉटिंग झालंय आणि शेजारी अजून ऊस आहे, अशा बंगल्यांत नोव्हेंबरनंतर अचानक उंदीर वाढतात ते त्यामुळं. अशा घरांनी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्येच भोकं तपासून घ्यावीत. घराशेजारी रचलेली सरपणाची आणि विटांची थप्पी हलवावी. उंदरामागून साप येतो, हेही लक्षात असू द्या.

आणखी एक, लेंड्या आणि मूत्र साफ करताना कोरडा झाडू मारू नका. ती धूळ नाकात जाते. अर्धा तास खिडक्या उघड्या ठेवा, हातमोजे घाला, तोंडाला रुमाल बांधा, ब्लीचिंग पावडरचं पाणी शिंपडून दहा मिनिटं थांबा, मग कागदानं पुसून पिशवीत बांधून टाका. ब्लीचिंगमध्ये अॅसिड किंवा टॉयलेट क्लीनर मिसळू नका, विषारी वायू निघतो. विष न घालता एकाच वेळी अनेक उंदीर मरून पडलेले दिसले तर हात न लावता महापालिकेच्या आरोग्य विभागाला कळवा. उंदीर पडू लागले की गाव सोडून शेतात झोपड्या टाकायच्या, हे आमच्या आजीनं प्लेगच्या काळातलं ऐकलेलं सांगितलं होतं. त्या पिढीला उंदीर मरणं कशाची खूण असू शकते, हे माहीत होतं.

आमच्या बोळात शेवटी फरक पडला तो पाच घरांनी मिळून काम केल्यावर. एकट्यानं भोकं बुजवली की उंदीर शेजारी जातो आणि शेजाऱ्याची भोकं बुजली नाहीत तर पावसाळ्यात परत येतो. शेजारच्या वहिनींनी कचऱ्याची एकच वेळ ठरवून घेतली. समोरच्या काकांनी सामायिक गटारावर जाळी बसवायला वर्गणी काढली, प्रत्येकी सातशे रुपये. आता दर महिन्याच्या एक तारखेला रात्री पाचही घरं शटरखाली, मोरीपाशी, जिन्याखाली रांगोळी पसरतात. सकाळी ज्याच्याकडं पावलं दिसतात, तो त्याच दिवशी सगळ्यांना सांगतो, आणि गवंड्याला फोन जातो.